शुक्रवारचं नावडतं गाणं

'तुमचं हे असलं संगीत तरुण पोरं ऐकतील का हो?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की समोरच्याने तोंड उघडलं की तो मला आधीच ऐकू येतो. परवाना देणाऱ्या साहेबांनी विचारला, आमच्या ट्रस्टच्या प्रत्येक नव्या अध्यक्षांनी विचारला, माझ्या आईने तर दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर विचारला. माझं उत्तर ठरलेलं असायचं, 'ऐकतील. त्यांच्या कानापर्यंत पोचू तर द्या.' हे म्हणताना माझा आवाज चढायचा. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

मी केतकी सरनोबत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर 'आडवाट' नावाचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. ते मी आणि दिग्विजय इंगवले, म्हणजे दिगू, अशा दोघांनी सुरू केलं. दिगू माझा कॉलेजातला मित्र. तो बास गिटार वाजवायचा, मी गायचे, आणि आमचा बँड लोकांनी मनापासून नाकारला. आपल्याला वाजवता येत नाही, पण चांगलं वाजवणारे ओळखता येतात, एवढं त्या काळात कळलं. मग आम्ही केंद्र काढलं. मी माईकपुढे बसायचं आणि दिगूने काचेपलीकडे यंत्रं सांभाळायची, अशी वाटणी पहिल्या दिवशी झाली ती कधी बदलली नाही.

आम्ही काय लावायचो? जे दुसरीकडे कुठे लागत नाही ते सगळं. इचलकरंजीच्या चार पोरांनी यंत्रमागाच्या खडखडाटावर बसवलेली गाणी. गोंधळाचं संबळ आणि फाटक्या आवाजाची गिटार. इथिओपियाचा जॅझ, मंगोलियातलं घशातून गाणं, चंदगडच्या एका शिक्षिकेने स्वतःच्या घोरण्याच्या रेकॉर्डिंगवर रचलेली अंगाई. खालून लेथचा आवाज यायचा तो वेगळाच. नव्या श्रोत्यांना तोही गाण्यातलाच वाटायचा आणि आम्ही त्यांचा गैरसमज दूर करत नसू.

आणि आमचा एक नियम होता. दर शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतःला न आवडणारं एक गाणं लावायचे. पूर्ण, शेवटपर्यंत. आधी सांगायचे की हे मला आवडत नाही, आणि नंतर सांगायचे की का आवडत नाही. मग श्रोत्यांनी फोन करून माझ्याशी भांडायचं. हा नियम दिगूचा. तो म्हणायचा, 'आपल्याला आवडतंय तेच लावत बसलो तर आपल्यात आन् लग्नातल्या डीजेत फरक काय?' सुरुवातीच्या काळात शुक्रवारचं ते भांडण ऐकायला पानपट्टीवर माणसं थांबायची. मीच दोनदा हरले होते आणि नावडत्या गाण्याच्या प्रेमात पडले होते.

मग हळूहळू फोन थांबले. ऐकणारे आमच्याबरोबर म्हातारे झाले आणि त्यांची पोरं आमच्याकडे फिरकली नाहीत. त्यांना रेडिओ सेट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांच्या कानात सकाळपासून एक मणी असायचा आणि त्या मण्यात त्यांच्यापुरतं संगीत जागच्या जागी तयार व्हायचं. कुणी बनवलं, कुणी गायलं, काही नाही. चहा गोड हवा तर गोड, तसं. शेवटी केंद्राला पैसे देणाऱ्या ट्रस्टने स्पष्ट सांगितलं, तरुण श्रोते दाखवा, नाहीतर केंद्र बंद करा.

मीही थकले होते. एका शुक्रवारी नावडतं गाणं लावलं, मनापासून शिव्या घातल्या, आणि एकही फोन आला नाही. मी दिगूला म्हणाले, 'बास आता. बंद करूया.'

पुढच्या महिन्यात तो एक डबी घेऊन आला.

डबीत दोन मणी होते. हरभऱ्याएवढे. दिगू म्हणाला, 'हे पडसाद. नवीन आलंय. कानात घाल.'

'मला ऐकू येतं,' मी म्हणाले.

'तुला ऐकू येतंय का न्हाई त्याच्यासाठी न्हाईच हे. तुझा कान काय बोलतो ते ह्याला ऐकू येतं.'

मग त्याने जे समजावलं ते मी सोपं करून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते. तिच्यात बारीक केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आवाज आत आला की यातल्या काही पेशी नुसत्या थरथरत नाहीत, त्या स्वतः लांबतात, आखडतात आणि आवाज वाढवून पुढे देतात. या धडपडीत त्यांचा स्वतःचाही एक अगदी क्षीण आवाज होतो आणि तो कानातून बाहेर येतो. म्हणजे कान ऐकता ऐकता उत्तरही देत असतो. हे काही नवं नाही. दवाखान्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं का ते याच उत्तरावरून तपासतात. बाळाला विचारता येत नाही म्हणून त्याच्या कानाला विचारायचं.

नवं होतं ते पुढचं. या पेशींना मेंदूकडून खाली येणारे मज्जातंतूही जोडलेले असतात. मेंदू लक्ष देऊन ऐकत असला, कंटाळला असला, दुसरीकडे भरकटला असला, तर तो या पेशींचा लगाम त्याप्रमाणे सैल किंवा घट्ट करतो आणि कानाचं उत्तर बदलतं. पडसाद बनवणाऱ्यांनी हे बदल लाखो कानांमधून गोळा केले आणि वाचायला शिकले. कुठल्या सुराला माणूस पुढे झुकला, कुठल्या शब्दाला आतून मिटला, हे त्यांना माणसाच्या आधी कळायला लागलं.

'म्हणजे लोक खोटं बोलू शकणार नाहीत,' मी म्हणाले.

'लोक म्हणतील आवडलं, पण कान न्हाई म्हणायचा,' दिगू हसला. 'बग, कंपनी आपलं केंद्र त्यांच्या मण्यांवर घ्यायला तयार हाय. तुझा कार्यक्रम थेट पोरांच्या कानात जाणार. खरंच ऐकत्यात का ते तुला पडद्यावर दिसणार. करायचं?'

मला ते एकदम पटलं. तरुण पोरं ऐकतात की नाही याचा एकदाचा पुरावाच मिळणार होता. मी हो म्हणाले. माझ्या जुन्या हेडफोनची गादी झडून गळ्यावर काळा भुसा पडायचा, म्हणून दिगूने डबीतला एक मणी मलाच दिला. त्या दिवसापासून स्टुडिओत मीही तोच वापरायला लागले.

माईकसमोरच्या पडद्यावर मण्यातून ऐकणारा प्रत्येक कान हिरव्या ठिपक्यासारखा दिसायचा. पहिल्या आठवड्यात मूठभर ठिपके होते. दोन महिन्यांत पडदा धान्य पेरल्यासारखा दिसायला लागला. यंत्रमागाच्या गाण्याला ठिपके उजळायचे. मंगोलियाच्या घशाला उजळायचे. आणि शुक्रवारी, माझ्या नावडत्या गाण्याला, सगळ्यात जास्त. मी आईच्या फोटोला जाऊन सांगितलं, 'बघ, ऐकतात.'

फोन पुन्हा सुरू झाले. त्यात कागलचा विश्वराज घोरपडे होता.

तो पहिल्यांदा फोनवर आला तोच भांडत. मी म्हटलं होतं, या गाण्यातली बासरी म्हणजे उगाच लावलेली झालर आहे. तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही बासरी ऐकलीच न्हाई. तुम्ही स्वतःचं मत ऐकत बसलाय.' एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने मला असं तोंडावर सांगावं! मी भडकले. मग गाणं पुन्हा लावलं आणि खरंच, बासरी शेवटी जिथे मोडते तिथे काहीतरी होतं. दर शुक्रवारी तो यायचा. कधी मी जिंकायचे, कधी तो. मुद्दा सोडायचा नाही, पण हरला तर हसून मान्य करायचा. शेती कॉलेजात होता, आवाज किंचित घोगरा, मध्येच थांबून 'थांबा हां, मला नीट सांगू दे' म्हणायचा. मला मूलबाळ नाही. असतं तर ते असं भांडखोर असावं असं मला वाटायला लागलं होतं. शुक्रवारची मी वाट बघायचे ती गाण्यासाठी नव्हे, हे दिगूलाही कळत होतं.

दोन वर्षं अशी सुखात गेली. मग मी म्हणाले, श्रोत्यांचा मेळावा घेऊ.

दिगू नको म्हणाला. आधी म्हणाला पाऊसपाण्याचे दिवस आहेत, मग म्हणाला हॉल मिळणार नाही, मग म्हणाला पोरं घरातून निघत नाहीत. 'दिगू,' मी म्हणाले, 'दोन वर्षं नुसते ठिपके बघतेय. मला तोंडं बघायचीत.' हॉल मीच ठरवला. घोषणाही मीच केली.

हॉल भरला. मुलंमुली दारात, खिडक्यांत, मंचाच्या पायऱ्यांवर बसली होती. मी वर गेले तेव्हा जो ओरडा झाला तो आमच्या बँडला जन्मात मिळाला नव्हता. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत. माझी नजर विश्वराजला शोधत होती. तो येणार म्हणून त्याने फोनवर शब्द दिला होता.

मी म्हणाले, 'परवाचं नावडतं गाणं आठवतंय ना? मी त्याला एवढ्या शिव्या घातल्या, तरी माझ्या डोक्यातून जात नाहीये. चला, सगळ्यांनी मिळून गुणगुणू.'

आणि मी सुरुवात केली. चंद्रपूरच्या एका मुलीचं होतं ते, तीन सुरांत कुंथत राहणारं.

माझ्याबरोबर कुणीच गायलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने दुसरंच काहीतरी सुरू केलं, ठेक्याचं. त्याच्या शेजारची त्याच्याकडे बघून म्हणाली, 'हे कुठलं? परवाचं ते सॅक्सोफोनवालं होतं की.' मागून कुणी तरी म्हणालं, 'छे, कव्वालीसारखं होतं.' मग सगळा हॉल गायला लागला, प्रत्येक जण आपापलं. आधी ते हसत होते, त्यांना तो खेळ वाटला. मग एकमेकांकडे बघायला लागले. हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. मी मंचावर उभी, हातात माईक, आणि एकाही तोंडातून मी लावलेलं गाणं येत नव्हतं.

मला वाटलं, काहीतरी तांत्रिक घोळ असेल. बिचाऱ्या माणसाला आधी असंच वाटतं.

मेळावा कसाबसा उरकला. निघताना एक मुलगी जवळ आली. शिवन्या पाटोळे, नर्सिंगला होती, मोठे डोळे, हातात माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा. 'काकू, मी तुम्हाला रोज ऐकतो,' ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल असंच, पोरांसारखं 'ऐकतो' म्हणून बोलतात. रेडिओवर येण्याआधी मीही बोलायचे. 'माझे आजोबा वारले तेव्हा मी चार दिवस जेवलो न्हवतो. तेव्हा तुम्ही रेडिओवर म्हणालात ना, शिवन्या, आधी दोन घास खा, रडायला अंगात ताकद लागते. मी उठून जेवलो. ते तुम्हाला एकदा समोर येऊन सांगायचं होतं.'

तिने माझे हात धरले होते. मी हे कधीही बोलले नव्हते. या मुलीचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकत होते.

'बरं केलंस जेवलीस ते,' मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

विश्वराज आला नाही.

दिगू केंद्रावरच होता. मेळाव्याला तो आलाच नव्हता. मी जिना चढून वर आले, त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, 'बोल.'

त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. ते त्याच्या स्वभावात नाही. त्याने सांगितलं ते असं. माझा कार्यक्रम केंद्रातून जसाच्या तसा निघायचा. जुन्या सेटवर म्हातारी मंडळी ऐकायची, त्यांना तोच मिळायचा. पण मण्यात शिरताना तो बदलायचा. ज्या सुराला त्या पोराचा कान मिटायला लागायचा तो सूर वितळून दुसरा व्हायचा. जे वाक्य त्याला टोचायचं ते दुसरं व्हायचं, माझ्याच आवाजात. मी 'आवडत नाही' म्हणायचे तिथे प्रत्येकाला त्याचं जिवापाड आवडणारं गाणं मिळायचं. कुणी मित्राला ते पाठवलं तरी मित्राच्या कानात शिरताना ते मित्राचं होऊन शिरायचं. म्हणून दोन वर्षांत कुणाला कळलं नाही. एका खोलीत बसून एकत्र ऐकायची पद्धतच उरली नव्हती.

'तुझं बोलणं म्हंजे विरजण, केतकी,' तो म्हणाला. 'दही ज्याचं त्याचं.'

'आणि तुला हे माहीत होतं.'

'कंपनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं. त्याशिवाय ते घेणारच न्हवते.'

'मला का नाही सांगितलंस?'

'तू नको म्हणाली असतीस.'

एवढं सरळ उत्तर! मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. नावडतं गाणं ही कल्पना याची, शेवटपर्यंत लावायचं हा हट्ट याचा, आणि यानेच ते एकाही पोराच्या कानापर्यंत पोचू दिलं नव्हतं. केसाने गळा कापतात म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. वैऱ्याने केलं असतं तर मी भांडले असते. इथे समोर तोच होता, माझ्या चहात किती साखर लागते हे माहीत असलेला.

'निदान विश्वराज तरी खरं गाणं ऐकत होता,' मी म्हणाले. 'तो तर मी लावलेल्या बासरीबद्दलच बोलायचा. एक तरी पोरगा होता.'

दिगूने मान वळवली. खिडकीबाहेर बघायला लागला. खाली लेथ चालू होतं.

'दिगू?'

'मणी तुझ्या पण कानात हाय, केतकी.'

मला कळायला वेळ लागला. मग तो सावकाश बोलत राहिला. यंत्र सगळ्या कानांना वाचतं, माझ्याही. फोन आले की माझा कान काय म्हणतो ते त्याने टिपलं. कौतुक केलं की माझा कान कंटाळायचा. 'मॅडम, लई भारी' म्हटलं की मिटायचा. पण कुणी अडवलं, चुकीचं ठरवलं, की सगळा जागा व्हायचा. मग यंत्राने माझ्यासाठी एक भांडणारा तयार केला. किंचित घोगरा, कारण घोगऱ्या आवाजाला माझा कान झुकतो. मध्येच थांबणारा, कारण थांबलं की मी पुढे सरकते. कधी हरणारा, कधी हरवणारा, बरोबर माझ्या मापाचा.

'तू बंद करूया म्हणालीस,' दिगू म्हणाला. 'तुझं तोंड बघवत न्हवतं मला. आन् तो पहिला फोन आल्यावर तू कशी फुललीस, ते तुला दिसलं न्हाई, मला दिसलं. कसं थांबवू सांग की.'

मी कानातला मणी काढून टेबलावर ठेवला. माझं कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं, आणि गेलेला माणूस मुळात नव्हताच, म्हणून रडायचीही लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी ठरल्या वेळी माईकपुढे बसले. गाणं लावलं नाही. जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. यंत्राचं नाव घेतलं, दिगूचं नाव घेतलं. म्हणाले, 'पोरांनो, तुम्ही मला कधी ऐकलेलंच नाही. तुमची फसवणूक झाली, माझीही झाली. कानातले मणी काढा आणि मला येऊन भेटा. मी उद्यमनगरात आहे. चहा पाजते, खरं गाणं लावते, मग खुशाल शिव्या घाला.' बोलताना माझा आवाज फाटत होता, तरी मी थांबले नाही. पडद्यावर ठिपके असे उजळले, की मला वाटलं, चला, पेटले.

मग निरोप यायला लागले. 'आजचा भाग बेस्ट.' 'काकू, आज किती हसवलंत.' 'पावसावरचं ते किती छान बोललात.' सगळ्यात शेवटी शिवन्याचा होता. 'काकू, आज सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत, गजऱ्याबद्दल बोललात. आईला सांगितलं. थँक्यू.'

घरात चोर शिरला म्हणून ओरडावं आणि शेजाऱ्यांनी खिडकीतून टाळ्या वाजवाव्यात, तसं झालं होतं. माझा आवाज आता माझा राहिला नव्हता. मी त्यांना शिव्या दिल्या असत्या तरी त्यांना आशीर्वादच ऐकू आले असते.

काचेपलीकडे दिगू उभा होता. मी बोलण्याची कळ दाबली. 'ते बदलणं बंद कर. आत्ता. कार्यक्रम जसा आहे तसा जाऊ दे.'

'कंपनी करार मोडंल. आपले मणी पण आठ-पंधरा दिवसांत काढून घेतील.'

'घेऊ देत.'

'केतकी, बंद केलं तर...'

'मला माहीत नाही काय होईल. तुलाही माहीत नाही. दोन वर्षांत एकदा तरी त्यांना खरं ऐकवून बघितलंस का? हो म्हणतील की नाही म्हणतील, तुला काय ठाऊक? एकदा तरी विचारू त्यांना. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, पोचू तर द्या म्हणून.'

तो मग वळला आणि बटणांवर वाकला.

मी टेबलावरचा मणी उचलून कानात घातला, सवयीने. गाणं निवडलं. नावडतं नव्हे, आज मला माझं सगळ्यात आवडतं गाणं लावायचं होतं. गडहिंग्लजच्या एका गवंड्याचं. तो थापी विटेवर आपटत गातो, सुरात फार नाही, पण शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज जिथे चढतो तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो. एवढंच म्हणाले, 'हे ऐका. हे मला आवडतं.' आणि लावलं.

ठिपके विझायला लागले. आधी कडेकडेने, मग मधून. मी त्यांना दोष देत नाही. दोन वर्षं त्यांना कधी काही टोचलं नव्हतं आणि एकदम थापीचा आवाज कानात आला. पहिलं कडवं संपायच्या आत पडदा अर्धा काळा झाला. दुसऱ्यात उरलेलेही गेले. मी टेबलाची कड घट्ट धरून बघत होते. जा, म्हणत होते मनात, जायचंय ते जा, मला सगळे नकोतच.

आणि एक ठिपका राहिला.

मधोमध, एकटा, हिरवागार. तो विझत नव्हता. उलट थापीच्या प्रत्येक ठोक्याला उजळत होता. मी श्वास रोखून बघितलं. गवंड्याने आवाज चढवायला घेतला तसा तो आणखी उजळला. जो कोणी होता त्याला हे गाणं कळत होतं. जिथे कळायला हवं, बरोबर तिथे कळत होतं.

मी कळ दाबली. 'दिगू! एक आहे! बघ, एक आहे!'

'हाय की,' तो म्हणाला.

'कोण असेल रे?'

तो क्षणभर थांबला. 'ती पोरगीच असंल. गजरेवाली.'

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माईक उघडला आणि गाण्यावरच हलक्या आवाजात बोलायला लागले. म्हणाले, 'शिवन्या, तू असशील तर ऐक. त्या दिवशी जेव म्हणाली ती मी नव्हते गं. पण असते तर मीही हेच म्हणाले असते. तू थांबलीस ना, बास. मला एकच ऐकणारी पुरे. हे गाणं नाही आवडलं तरी सांग, मी भांडेन तुझ्याशी.' असं बरंच काही बोलले. इतकं खरं मी रेडिओवर कधी बोलले नव्हते. ठिपका लखलखत होता.

मग मला वाटलं, तिच्याबरोबर हे गाणं उघड्यावर ऐकावं, भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरवर. म्हणून मी कानातला मणी काढला.

ठिपका विझला.

मी मणी परत घातला. ठिपका आला. काढला. गेला.

काचेपलीकडे दिगू माझ्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. शिवन्याचं नाव घेतलं तेव्हाही त्याला माहीत होतं तो कान कुणाचा आहे. गाणं चालू होतं, गवंडी शेवटच्या कडव्याकडे निघाला होता आणि पडदा पूर्ण काळा होता.

स्पीकरमधून दिगूचा आवाज आला. मायेने भरलेला, अगदी खरा.

'केतकी, परत चालू करू?'

मी नको म्हणाले. पण ते म्हणायला मला उरलेलं अख्खं गाणं लागलं.